पंख्याखालचा पाट

८ मार्च, रविवार. बुलढाणा.

आजपासून रोजनिशी. एकतीस मेला मी सेवानिवृत्त होतो. मोताळा पंचायत समितीत चौतीस वर्षं लिहीत आलो, पण सगळं दुसऱ्यांचं. आता स्वतःचं लिहायचं. भाषा शुद्ध ठेवायची. वऱ्हाडी फक्त घरात बोलण्यापुरती.

संकल्प केले आहेत. सकाळी फिरायला जाणे. साखर बंद. आणि कुणाशीही स्वतःची तुलना न करणे. तुलनेने बीपी वाढतं असं डॉक्टर म्हणाले. कुणाशी तुलना, ते त्यांनी विचारलं नाही, मीही इंद्रभानचं नाव घेतलं नाही.

इंद्रभान म्हणजे माझा साडू. शालूची (माझी बायको) धाकटी बहीण रेणुका, तिचा नवरा. थायलंडात धाग्याच्या कारखान्यात सुपरवायझर, अठरा वर्षं झाली. मला त्याचं काही वाटत नाही. कारण एक गोष्ट सगळे विसरतात, मी विसरत नाही. त्याचा व्हिसा कामाचा आहे. नोकरी आहे तोवर तो देश. नोकरी संपली की परवाना खलास, बिऱ्हाड गुंडाळायचं आणि आमच्यासारखं गावी येऊन ओट्यावर बसायचं. त्याचा कंपनीतला करार यंदा जूनअखेर संपतो. म्हणजे त्यानंतर तो आणि मी सारखेच. उलट मला पेन्शन आहे.

हा विचार करून झोपलं की झोप चांगली लागते.

१० मार्च, मंगळवार.

साखर चालू केली. कारण घडलं.

रेणुकाचा शालूला फोन. इंद्रभान परत येत नाही. रिटायरमेंट व्हिसा घेणार म्हणे. वय पन्नास झालं की मिळतो. कंपनी सुटायच्या आत तिथल्या तिथे कामाच्या व्हिशावरून निवृत्तीच्या व्हिशावर यायचं. देश सोडावा लागत नाही. घर तेच, समुद्र तोच, फक्त पासपोर्टातला शिक्का बदलतो. एक जूनला त्याला पन्नास पूर्ण होतात. कागदावर. आमच्याकडे अर्ध्या तालुक्याचा जन्म एक जूनचा, शाळेत नाव घालताना गुरुजींना जे सोपं वाटलं ते त्यांनी टाकलं. माझाही एक जूनच.

म्हणजे काम करायचं नाही आणि तरी तिथेच राहायचं. असा व्हिसा असतो? काऊन असतो? कोण देते असा व्हिसा? अठरा वर्षं मी वाट पाहून राह्यलो अन हा बह्याड...

भाषा शुद्ध ठेवायची आहे.

शालू म्हणाली की तुमाले काऊन एवढी आग लागून राह्यली, त्याचं तो पाहीन. मी सांगितलं की आग नाही, कुतूहल आहे. तिने माझ्यापुढचा साखरेचा डबा उचलून वर ठेवला.

१५ मार्च, रविवार. संध्याकाळ.

रोहिणखेडला सासरी जाऊन आलो. सासरे गुलाबराव, आम्ही मामाजी म्हणतो, ऐंशीच्या घरात. शेती बरी, मुलगा नाही, पोरी दोनच. म्हणजे जावई दोनच. ओट्यावर बसले होते. खिशात ती थायलंडची नाकाने हुंगायची कांडी. इंद्रभानने मागे आणल्या, आता अर्धं रोहिणखेड हुंगतं. मी बोलायला लागलो की मामाजी कांडी काढतात. मी नव्या जीआरबद्दल सांगत होतो तेवढ्यात त्यांनी दोन्ही नाकपुड्या भरून घेतल्या.

सासूबाई, कौशल्याबाई, धोंड्याच्या महिन्याचं बोलत होत्या. मे महिन्यात अधिक लागतो. यंदा दोन्ही जावई एकदम पाहिजेत, रेणुकाले सांगून ठेवलं, म्हणाल्या. पुरणाचे धोंडे, अनारसे, वाण, ओवाळणी, सगळं होईल. मी मान डोलावली. पण मागच्या अधिकात, दोन हजार तेवीसला, काय झालं ते मी विसरलेलो नाही.

जेवणाच्या खोलीत पंखा एक. त्याच्याखाली पाट एकच बसतो. मोठा जावई मी. तरी तो पाट इंद्रभानला. का, तर त्याले गरमी सहन होत नाई. थायलंडात राहणाऱ्या माणसाला गरमी सहन होत नाही! मी भिंतीशी, गॅसच्या सिलिंडरजवळ. घामाने कपाळावरचा टिळा ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला. फोटोत तसाच आहे. तो फोटो त्यांनी फ्रेम करून लावला आहे आणि मी रोहिणखेडला गेलो की त्याच्यासमोरच बसवतात.

तर आज मामाजी कौतुकाने सांगायला लागले की इंद्रभानले तिथलं सरकारच राहा म्हन्ते, काम नका करू, नुसते राहा. ऐकता ऐकता माझ्या तोंडून निघून गेलं की मीही जातोय. थायलंडलाच. रिटायरमेंट व्हिशावर. जून-जुलैमध्ये.

 मामाजींनी काढलेली कांडी न हुंगता परत खिशात ठेवली. लग्नानंतर प्रथमच मी बोलताना ते माझ्याकडे बघत होते.

येताना राजूर घाट लागला. वर आल्यावर शालू म्हणाली की तुमाले या घाटात मळमळते, विमानात काय कराल. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. 

१९ मार्च, गुरुवार. पाडवा.

मुहूर्तावर अभ्यासाला बसलो. मोबाइलवर सगळं मिळतं. वय पन्नासच्या वर पाहिजे: आहे. पोलिसात गुन्हा नको: नाही, ती मागची चौकशी खात्याअंतर्गत होती आणि तिच्यात काही निघालं नाही. बँकेत आठ लाख दाखवायचे: ग्रॅच्युइटी येणार आहे, हसत हसत दाखवू. दर तीन महिन्यांनी आपण कुठे राहतो ते सरकारला कळवायचं: कळवू. आणि त्या व्हिशावर कोणतंही काम करायला सक्त मनाई, फुकटसुद्धा नाही. हे वाचून फार धीर आला. इतक्या वर्षांचा अनुभव वाया जात नसतो.

दुपारी काजलचा पुण्याहून फोन. आमची मुलगी, तिला सगळं माहीत असतं. ती म्हणाली, पप्पा, ते आठ लाख बाट आहेत. रुपये नाहीत. एका बाटाला अडीच-पावणेतीन रुपये पडतात. मी म्हणालो, मला माहीत होतं.

त्यानंतर श्रीखंड जेवढं खायचं ठरवलं होतं तेवढं गेलं नाही. इंद्रभानकडे तेवढे आहेत? असतील. मले कोणी सांगत नाही.

२४ मार्च, मंगळवार.

ऑफिसात सांगून टाकलं. सगळ्यांच्या देखत, बीडीओ साहेबांच्या केबिनबाहेर. परिणाम उत्तम. ज्यांनी चौतीस वर्षांत मला चहा विचारला नाही त्यांनी आज विचारला. भाषा कोणती, हवा कशी, वहिनींना मानवेल का. मी म्हटलं, समुद्राकाठी घर बघतोय.

आमच्या रंगरावांनी लगेच विचारलं की मग खिडकीजवळचं तुमचं टेबल कोणाला. ते माझ्याच वयाचे, एक जूनवालेच, माझ्याबरोबरच निवृत्त होणार, त्यांना टेबल कशाला हवं कळत नाही. माणसाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही हेच खरं.

२ एप्रिल, गुरुवार.

पासपोर्ट काढायला गेलो. पासपोर्ट हा फक्त एक टप्पा आहे, मुख्य काम व्हिशाचं.

खिडकीतल्या मुलीने शाळेचा दाखला पाहिला, आधार पाहिलं, परत दाखला पाहिला. दाखल्यावर जन्म एक जून, आधारवर एक जानेवारी. आधारच्या कॅम्पात त्या पोराने नुसतं वर्ष विचारलं होतं आणि पुढचं आपल्या मनाने टाकलं होतं. मुलगी म्हणाली, काका, नक्की कधी जन्मलात ते ठरवून या. मी म्हणालो, आई सांगायची की तूर सोंगणीला आली होती तेव्हा. ती म्हणाली, तूर चालत नाही.

आता आधी आधार दुरुस्ती, मग नवी अपॉइंटमेंट, मग पोलीस पडताळणी. किरकोळ गोष्टी. विशेष म्हणजे इंद्रभानलाही गुरुजींनीच जन्माला घातलं, पण त्याचे दोन्ही कागद जुळतात. काही लोकांचं सगळंच जुळतं.

१९ एप्रिल, रविवार. अखजी (अक्षय्य तृतीया).

सासरी. आमरस. मामाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरतंय, दिवाळीआधी. सासूबाईंनी विचारलं की तुम्ही तवा इथं नसान तर मंग दवाखान्यात कोन राहीन. आजपर्यंत अशा वेळी मीच असतो. म्हणजे शालू असते, पण मी बसस्टँडपर्यंत सोडतो. मी म्हणालो, काळजी करू नका, मी तिकडून व्हिडिओ कॉलवर असेनच.

सासूबाई पदराने आमरसाची वाटी पुसत बसल्या. स्वच्छच होती.

तेवढ्यात इंद्रभानचाच व्हिडिओ कॉल. त्याच्या मागे समुद्र. मुद्दाम लावतो. त्याने विचारलं की भाऊ, खरंच जाऊन राह्यले का, पक्कं? मी म्हणालो पक्कं, तिकीट तेवढं काढायचं राहिलं.  त्याने शेजारी बसलेल्या रेणुकाकडे बघितलं, रेणुकाने त्याच्याकडे. मग म्हणाला, बरं झालं भाऊ, आणि फोन ठेवला.

जळाला! त्याच्या चेहऱ्यावर मी स्पष्ट पाहिलं. अठरा वर्षं एकट्याचा समुद्र होता, आता वाटेकरी आला. शालूला हे सांगितलं तर ती म्हणाली की तो चेहरा जळाल्याचा नोहोय, मानूस इचारात पडला की तसा चेहरा होते. तिला चेहऱ्यातलं कळत नाही.

४ मे, सोमवार.

तयारी जोरात. हाफ पँट घेतली, फुलाफुलांची. फिरायला गेलो तेव्हा घातली. जयस्तंभ चौकात तिघांनी विचारलं की तब्येत बरी आहे ना.

रात्री पोळीऐवजी नुसता भात. तिकडे भातच असतो. तिसऱ्या दिवशी शालूने सांगितलं की तुमचं थायलंड तुमीच रांधा.

आधारचं काम अडलं आहे. मशीनवर बोटं उमटत नाहीत. आधारवाला म्हणतो, कागद हाताळून झिजली.

१७ मे, रविवार. अधिक लागला.

इंद्रभान आणि रेणुका आले. मलकापूरला त्यांना घ्यायला गेलो, कारण मोठ्या मनाचा आहे. अकरा बॅगा! धोंडे जेवायला महिनाभर यायचं, त्याला अकरा बॅगा. दाखवायची हौस, दुसरं काय. एकीत इस्त्री होती. एकीत भाताचा कुकर. कुकर कोण आणतं?

रोहिणखेडच्या घरात बॅगा मावेनात, मधल्या खोलीत ढीग लागला. माझ्या नेहमीच्या खुर्चीवरही एक ठेवली. मी उभाच राहिलो. कोणाच्या लक्षात आलं नाही.

मागच्या अधिकात याने घरात इन्व्हर्टर बसवून दिला होता. आल्या आल्या त्यात पाणी भरायला बसला. बनियनवर. मामाजी खुर्ची ओढून शेजारी, आणि कौतुकाने बघताहेत. बॅटरीत पाणी मलेही भरता येते.

२९ मे, शुक्रवार.

निरोप समारंभ. निवृत्ती रविवारी आहे, पण रविवारी कोण येतो. एक जूनवाले आम्ही चौघे, एकाच मांडवात. पण भाषणं माझ्यावरच झाली. साहेब म्हणाले की आपला एक कर्मचारी परदेशात स्थायिक होतो ही मोताळ्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. रंगरावांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. शाल, श्रीफळ, आणि स्टाफतर्फे विमानात मानेखाली घ्यायची ती गोल उशी. तिघांना भिंतीवरची घड्याळं.

इंद्रभानही आला होता. त्याला कोणीतरी बोलायला लावलं. तो म्हणाला की आमचे भाऊ इथं होते म्हणून आमी तिथं होतो, भाऊनं सासर सांभायलं. टाळ्या. साध्या माणसाला भाषण जमत नाही, मुद्दा नव्हता काही. घरी आल्यावर उशी गळ्यात घालून आरशात पाहिली. छान दिसते.

१ जून, सोमवार. रोहिणखेड.

वाढदिवस. माझा, इंद्रभानचा, निम्म्या तालुक्याचा.

इंद्रभानने मोताळ्याहून केक आणला. दोघांची नावं, माझं वर. यात काहीतरी डाव असणार हे मी तेव्हाच ओळखलं होतं.

केक कापल्यावर मीच विषय काढला. म्हटलं, आज पन्नास झाले, आता व्हिसा बदलायला कधी जाता? तो म्हणाला, नाई बदलत भाऊ. कंपनीले कळवलं, जूनच्या आधीच मोकळं करा म्हनलं, कामाचा परवाना जमा करून, तिथलं घर सोडूनच आलो. अकरा बॅगा म्हणजे त्याचा सगळा संसार होता.

मी विचारलं काऊन.

तो म्हणाला की मामा-मामी एकटे कसे राहतीन. तुमी होते म्हनून तं मी इतके वर्स बिनघोर राह्यलो. तिकडं रातची शिफ्ट असली अन इकडून फोन आला तं रेनुकाले सांगो, भाऊ हायेत. आता तुमचं वय झालं, तुमचीबी हौस राह्यली, तुमी पाहा जरा दुनिया. इकडचं मी पाह्यतो.

रेणुका रडत होती. सासूबाई रडत होत्या. मामाजींनी उठून, गुडघा दुखत असताना उठून, त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, जावई नोहोय, पोरगा हाये. त्याला.

माझ्या हातात केकचा तुकडा होता, तो मी खाल्ला.

विचार करतोय. मी मार्चमध्ये तोंड उघडलं नसतं तर हा माणूस जन्मभर तिकडेच राहिला असता. इकडे एकटा जावई मी. पंखा माझा, पाट माझा, ओटा माझा. पण यात माझी काही चूक नाही. एवढा मोठा निर्णय घेताना त्याने मला विचारायला पाहिजे होतं. शालू म्हणाली, विचारलं होतं की, पक्कं का म्हनून. मग म्हणाली, हात दाखवून अवलक्षण. मग म्हणाली, सांगून टाका आता, नाई जात म्हना, कोनी खाऊन नाई टाकनार.

सांगणार. योग्य वेळी. धोंड्याचं जेवण एकदा होऊ दे.

७ जून, रविवार. रोहिणखेड.

धोंडे झाले.

पंख्याखालचा पाट मला मिळाला.

नीट लिहितो. पाट मांडताना सासूबाईंनी स्वतः मला हाताने धरून पंख्याखाली बसवलं. म्हणाल्या, तुमी आता दूर चालले, पुढच्या अधिकाले येता का नाई, बसा हवेशीर. पाटाभोवती रांगोळी. शालू शेजारी. औक्षण झालं. धोंडे एकदम मऊ, तूप असं की ताट तिरपं केलं तर वाहील. मी इंद्रभानकडे पाहायला मान वळवली, भिंतीशी सिलिंडरजवळ. तिथे पाटच नव्हता. तो वाढत होता. कमरेला टॉवेल. मामाजी म्हणाले, तो घरचाच हाये, मागून बसन रेनुकासंगं.

म्हणजे मी पाहुणा.

आणि त्याच वेळी लाईट गेली. मी म्हटलं, गेला पंखा. पण पंखा फिरतच होता. इन्व्हर्टर. इंद्रभानचा. डोक्यावरून त्याची हवा येत होती आणि मी त्याच्या हातचं तूप खात होतो.

वाण म्हणून मागच्या वेळी चांदीची वाटी होती. यंदा बॅग. मोठी, निळी, चार चाकांची. इंद्रभाननेच निवडून आणली, तिकडच्या विमानात एवढीच चालते म्हणे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामाजींनी विचारलं की तारीख कोनती. सगळे बघत होते, हवा इतकी गार येत होती. मी म्हणालो, शुक्रवार.

योग्य वेळ निघून गेली.

१० जून, बुधवार. बुलढाणा.

उपाय शोधला आहे. मुंबईपर्यंत जायचं, तिथून कळवायचं की काही तांत्रिक अडचण आली. भल्याभल्यांना येतात.

शालू येत नाही. मी आधी जाऊन घर लावतो, मग तिला नेतो, असं मीच सगळ्यांना सांगितलं, पण तिने ते फारच पटकन मान्य केलं. रोहिणखेडला राहणार आहे. मला म्हणाली की मी खोटं बोलनार नाई, पन कोनी विचारलं नाई तं सांगनारबी नाई. तेल गेलं, तूप गेलं, असं काहीतरी पुटपुटत माझे कपडे भरत होती. हाफ पँट सगळ्यात वर ठेवली.

१२ जून, शुक्रवार.

मलकापूर स्टेशन. हार. पेढे. निम्मा स्टाफ आला होता, रंगराव पण. इंद्रभानने जुनी कार घेतली आहे, तिच्यातून आणलं, बॅग स्वतः उचलली. एकट्यात गाठून माझ्या मुठीत थायलंडची नाणी ठेवली. म्हणाला, उतरल्या उतरल्या कामात येतीन. मग उगीच थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, पासपोर्ट वरच ठेवा भाऊ, हाताशी. मी म्हणालो, आहे. 

गाडी हलली. सासूबाई डोळे पुसत होत्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मी कुठेच जात नव्हतो तरी.

मुंबई फार लांब वाटायला लागली. तिथे ओळखीचं कोणी नाही. भुसावळला उतरलो. तिथून एसटीने उलटा. मलकापूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा गळ्यातली उशी तोंडावर घेऊन झोपल्यासारखं केलं. आता संग्रामपूरजवळ शेषरावच्या शेतात आहे. शेषराव माझा मावसभाऊ, सरळ माणूस. हवापालटाला आलो म्हटलं, त्याने खाट टाकून दिली. समोर सातपुडा, मागे केळीची बाग. खरं म्हणजे हवा जवळपास तिकडच्यासारखीच असावी. पंखा नाही.

१५ जून, सोमवार. अधिक संपला.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. सासूबाईंना राहवलं नाही. उचलायचा नव्हता, पण बोट लागलं. आधारच्या मशीनवर न उमटणारं बोट इथे बरोबर लागलं.

मी पटकन केळीच्या पुढे उभा राहिलो. सासूबाई म्हणाल्या, समुद्र दाखवा. मी म्हणालो मागच्या बाजूला आहे. मागून इंद्रभानचा आवाज आला की मामी, समुद्र तिथून दूर राह्यते, तिकडं केळीच केळी. मग शेषरावची म्हैस मध्ये आली, थेट फोनला नाक लावलं. मामाजींनी विचारलं, तिकडंबी म्हशी? इंद्रभान म्हणाला, भरपूर. मग शेषरावच्या बायकोने शेताच्या धुऱ्यावरून मला हाक मारली की भागवतभाऊजी, भाकर थंडी होऊन राह्यली.  इंद्रभान म्हणाला, आपल्याकडचे लोक आता सगळ्याच देशात भेटतात.

मामाजी माझ्याकडे बघत राहिले. मग सावकाश खिशात हात घातला आणि कांडी काढली.

शालू मागे दिसत होती. पदर तोंडाशी. रडत नव्हती.

फोन ठेवल्यावर इंद्रभानचा मेसेज. भाऊ, यावेळी तिकडं अंधार पडलेला राह्यते, तुमच्या तोंडावर ऊन होतं. उद्या सकाळच्या एसटीनं मोताळ्याले उतरा, मी गाडी घेऊन येतो. तिकडचं मानवलं नाई म्हनून मामींले मी सांगतो. काही वाटून घेऊ नका, पाट पंख्याखालीच मांडाले लावतो.

म्हणजे आता माझा पाटही हाच मांडून देणार.

उत्तर दिलं नाही. नाही म्हणायचं होतं. मग डास यायला लागले, आणि शेषराव दुसऱ्यांदा विचारून गेला की किती दिवस.

बॅग भरून ठेवली. सडक दूर आहे. चाकं नांगरटीत फिरत नाहीत, आता ओढून पाहिली, एक निखळलं. डोक्यावरच न्यावी लागेल. मानेच्या उशीची चुंबळ बरी बसते.